घुमणाऱ्या हॉलला कोणता स्पीकर?

शोरूमच्या डेमो रूममध्ये गायकाने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. तोच स्पीकर घरच्या मोठ्या हॉलमध्ये आला की तबल्याचे बोल एकमेकांवर चढतात, पेटी आणि गळा वेगळे काढता येत नाहीत, आणि बातम्या वाचणाऱ्याचा आवाज भरपूर मोठा असूनही शब्द निसटतात. आवाज वाढवला तर गोंगाट वाढतो, शब्द कळत नाहीत ते नाहीतच. संशय आधी स्पीकरवर जातो, मग दुकानदारावर, मग घरातल्या ज्येष्ठांच्या कानांवर. ज्या खोलीत हे सगळे चालले आहे तिच्यावर सहसा कोणी संशय घेत नाही. डेमो रूम लहान होती आणि जाड गालिचा, कापड लावलेल्या भिंती, गुबगुबीत खुर्च्या यांनी भरलेली होती. घरचा हॉल ३० फूट लांब, २० फूट रुंद, १० फूट उंच. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका अंगाला बाल्कनीचे सरकते काचेचे दार, बाकी बाजूंना प्लास्टर करून रंगवलेल्या विटांच्या भिंती आणि डोक्यावर काँक्रीटचा स्लॅब. पुढे सगळा हिशोब याच हॉलचा धरला आहे, कारण आपल्या शहरांतल्या मोठ्या फ्लॅटमध्ये आणि बंगल्यांत तो थोड्याफार फरकाने असाच सापडतो. अशा हॉलसाठी ‘किती वॉटचा?’ हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. स्पीकर आवाज कोणत्या दिशेला फेकतो आणि ऐकणारा त्याच्यापासून किती लांब बसतो, हे विचारायला हवे. आणि स्पीकरसाठी बाजूला काढलेल्या पैशांतला एक हिस्सा खोलीवर घालायची तयारी हवी.

टाकी आणि तिची भोके

हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कला संग्रहालयातले व्याख्यानगृह १८९५ साली नवे कोरे होते आणि तिथे व्याख्यान देणे अशक्य होते. उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही, तोवर वक्ता पुढच्या वाक्यात शिरलेला असे. वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकावर हे दुरुस्त करण्याची जबाबदारी आली. जवळच्याच सँडर्स थिएटरच्या खुर्च्यांवरच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, सभागृहात मांडायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवायची आणि आवाज ऐकू येईनासा व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचे, असे प्रयोग त्याने केले. त्यातून जो नियम निघाला तो आजही वापरात आहे. खोली ही पाण्याची टाकी समजा. स्पीकर हा नळ, आणि आवाज शोषून घेणारी प्रत्येक वस्तू हे टाकीला पडलेले भोक. नळ बंद केल्यावर टाकी रिकामी व्हायला लागणारा वेळ दोनच गोष्टींवर ठरतो: टाकी केवढी आणि भोके एकूण केवढी. खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घेऊन त्याला ०.१६ ने गुणायचे आणि शोषणाच्या एकूण चौरस मीटरांनी भागायचे, की सेकंद मिळतात. आवाजाची ऊर्जा दशलक्षांश व्हायला लागणाऱ्या या वेळेला आपण निनादकाल म्हणू.

आता भोके मोजू. बोलण्याच्या पट्टीत टाइल्स, रंगवलेले प्लास्टर आणि काच यांच्यावर आदळलेल्या ध्वनीपैकी शंभरातला एक ते चार एवढाच भाग शोषला जातो, बाकीचा परत खोलीत येतो. फुटांचे मीटर करताना ठोकळ आकडे धरले तर आपल्या हॉलचे घनफळ सुमारे १६२ घनमीटर आहे आणि जमीन, छत, भिंती मिळून क्षेत्रफळ जवळजवळ २०० चौरस मीटर. शंभरात तीन हे प्रमाण धरले तर एवढ्या मोठ्या पृष्ठभागाचे काम फक्त ६ चौरस मीटरच्या भोकाइतके होते, आणि रिकाम्या हॉलचा निनादकाल चार सेकंदांच्या पुढे जातो. नव्या घराची किल्ली घेऊन पहिल्यांदा आत शिरल्यावर आपलाच आवाज ओळखू येत नाही, तो यामुळे. सोफे, दिवाणावरची गादी, पातळ पडदे आणि चारसहा माणसे आली की शोषण २० चौरस मीटरपर्यंत जाते आणि निनादकाल सुमारे १.३ सेकंदांवर उतरतो. कान तोवर सरावतो आणि आता काही घुमत नाही असे वाटू लागते. पण संगीत आणि संवाद नीट कळायला घरच्या खोलीत हा आकडा अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवा.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मैफिलीची उत्तम सभागृहे तर मुद्दाम घुमणारी बांधतात. सेबाइनच्याच सल्ल्याने बांधलेल्या आणि १९०० साली उघडलेल्या बोस्टनच्या सिम्फनी हॉलचा निनादकाल दोन सेकंदांच्या आसपास आहे आणि जगातल्या सर्वोत्तम सभागृहांत त्याची गणना होते. मग घरचा हॉल घुमला तर बिघडले कुठे? बिघडते ते यामुळे की सभागृहात वाद्य पहिल्यांदा वाजत असते, आणि घरी वाजते ते ध्वनिमुद्रण. त्या सभागृहाचा किंवा स्टुडिओचा निनाद मुद्रणात आधीच आलेला असतो, त्यावर आपला हॉल स्वतःचा निनाद चढवतो. आणि टीव्हीवरच्या संवादाला तर निनादाची गरजच नसते.

शब्द का हरवतात

बोलण्यातली बहुतेक ताकद स्वरांत असते आणि अर्थाचा बराच भार व्यंजनांवर. ‘हात’, ‘सात’, ‘पात’ आणि ‘कात’ यांत फरक करणारा पहिला वर्ण क्षीण असतो आणि सेकंदाच्या लहानशा अंशात संपतो. त्यामागचा ‘आ’ जोरकस आणि लांब असतो. घुमणाऱ्या हॉलमध्ये आधीच्या शब्दाचा ‘आ’ अजून हवेत असताना पुढच्या शब्दाचे व्यंजन येते आणि त्याखाली दबते. आवाज वाढवला की व्यंजन वाढते, पण त्याला दाबणारा स्वरही तेवढाच वाढतो. त्यामुळे रिमोटने हा प्रश्न सुटत नाही. वय वाढते तसे वरच्या कंप्रतेचे ऐकू येणे कमी होते आणि ‘स’, ‘श’, ‘त’ हे आणखी आधी जातात. तेव्हा आजोबांना टीव्ही कळत नाही यात कानांचा वाटा असला, तरी टाइल्सचाही असतो.

परावर्तित आवाज सगळाच वाईट, असे मात्र नाही. जर्मनीत ग्योटिंगेन इथे हेल्मुट हास याने १९४९ साली प्रयोगांनी दाखवले की मूळ आवाजानंतर साधारण ३० सहस्रांश सेकंदांच्या आत आलेला परावर्तित आवाज मेंदू वेगळा ऐकत नाही. तो मूळ आवाजात मिसळून त्याला बळ देतो. एवढ्या वेळात ध्वनी सुमारे १० मीटर जातो, म्हणजे आपल्या हॉलमध्ये जवळच्या भिंतीवरून आलेली पहिली उडी बहुधा निरुपद्रवी असते. त्रास देते ती त्यानंतर भिंतींमध्ये दहावीस वेळा आपटत राहणारी शेपूट. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये टाळी वाजवून पाहा; टर्रर्र असा आवाज आला तर तिथे ही शेपूट आहेच.

सरळ आलेला आणि फिरून आलेला

हॉलमध्ये कुठेही बसले तरी कानावर दोन प्रकारचा आवाज येतो. एक स्पीकरकडून सरळ आलेला. अंतर दुप्पट झाले की त्याची ऊर्जा चौथाई होते. दुसरा सगळीकडून फिरून आलेला. तो टाकीतल्या पाण्याच्या पातळीसारखा खोलीभर जवळजवळ सारखा असतो. स्पीकरच्या अगदी जवळ सरळ आवाजाचे राज्य असते, लांब गेले की फिरलेल्याचे. दोन्ही समसमान होतात त्या अंतराला आपण सीमाअंतर म्हणू. सीमाअंतराच्या आत बसलेल्याला स्पीकर ऐकू येतो; बाहेर, आणि विशेषतः बरेच बाहेर बसलेल्याला मुख्यतः खोलीच ऐकू येते. वॉट वाढवल्याने हे अंतर तसूभरही हलत नाही. ते हलते फक्त दोन उपायांनी: खोलीचे शोषण वाढवून, किंवा आवाज चहूकडे न पसरवता श्रोत्याकडे वळवणारा स्पीकर घेऊन.

चौकट: आपल्या हॉलचे सीमाअंतर
निनादकाल १.३ सेकंद असताना चहूकडे सारखा पसरणाऱ्या स्पीकरचे सीमाअंतर जेमतेम २ फूट येते. आवाज समोर चौपट केंद्रित करणाऱ्या साध्या चांगल्या पेटीच्या स्पीकरचे सुमारे ४ फूट. दहापट केंद्रित करणाऱ्या हॉर्नचे, म्हणजे कर्ण्यासारख्या तोंडाच्या स्पीकरचे, साडेसहा फूट. आता शोषण वाढवून निनादकाल ०.६ सेकंद केला, तर तेच आकडे अनुक्रमे ३, ६ आणि पावणेदहा फूट होतात.

या चौकटीतली सर्वांत बोलकी जोडी अशी आहे. उघड्या हॉलमधला महागडा हॉर्न जिथवर पोहोचतो (साडेसहा फूट), जवळजवळ तिथवरच सुधारलेल्या हॉलमधली साधी पेटी पोहोचते (६ फूट). सोफा स्पीकरपासून १० फुटांवर असेल, आणि एवढ्या हॉलमध्ये तो तेवढा असतोच, तर दोन्ही उपाय केल्याशिवाय बरोबरी साधत नाही. तिसरा उपाय फुकटचा आहे आणि सजावटकाराला तो सहसा आवडत नाही: सोफा मागच्या भिंतीपासून सोडवून चार फूट पुढे ओढायचा.

आवाज कुठे फेकला जातो

स्पीकरचा आवाज किती पसरतो हे त्याच्या तोंडाचा आकार आणि ध्वनीची तरंगलांबी यांच्या तुलनेवर ठरते. १०० हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर आहे. त्यापुढे सहा इंची वूफर इतका लहान की खर्ज सगळीकडे सारखाच पसरतो. वरच्या सुरांची तरंगलांबी काही सेंटिमीटरच असते, म्हणून ते समोरच्या दिशेला एकवटतात. गडबड मधे होते. दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास वूफर आवाज आवळू लागलेला असतो आणि तेवढ्यात एक इंचाचा ट्विटर सूत्रे हाती घेऊन तो पुन्हा मोकळा सोडतो. समोर बसून मोजले तर सगळे सपाट दिसते, पण बाजूला जाणाऱ्या आवाजात त्या जागी फुगवटा असतो. गालिचा असलेल्या लहान खोलीत तो खपून जातो. आपल्या हॉलमध्ये भिंती तो जसाच्या तसा परत आणतात आणि आवाज कर्कश वाटतो. ट्विटरभोवती उथळ वाटीसारखा आकार असला तर हा जोड बराच गुळगुळीत होतो. अशा स्पीकरची किंमत दरवेळी जास्तच असते असेही नाही.

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात श्रोत्यांना कोणता स्पीकर वाजतो आहे ते कळू न देता अनेक स्पीकरांची तुलना करवली. समोरचा आवाज सपाट आणि बाजूचा आवाज त्याच्याशी मिळताजुळता असलेले स्पीकर श्रोत्यांनी पुन्हा पुन्हा पसंत केले. आक्षेप इथेच निघतो: बाजूचा आवाज चांगला असेल तर परावर्तनाने बिघडत नाही असे टूल म्हणतात, मग दिशेचा एवढा आग्रह कशाला? उत्तर खोलीत आहे. त्यांचे निष्कर्ष साध्या, सामानाने भरलेल्या दिवाणखान्यांना चांगले लागू पडतात. तिथे पहिल्या एकदोन उड्यांनंतर आवाज विरतो. आपल्या हॉलमध्ये तो विरत नाही. म्हणून बाजूचा आवाज समोरच्यासारखा असावा हे त्यांचे मत पूर्ण मान्य करायचे, आणि तो प्रमाणाने कमी असावा अशी एक अट आपल्यासाठी वर जोडायची.

या अटीने काही प्रसिद्ध रचना आपोआप बाद होतात. १९६८ साली आलेल्या बोस ९०१ या स्पीकरमध्ये नऊपैकी आठ ध्वनियंत्रे मागच्या भिंतीकडे तोंड करून होती. परावर्तनातून भव्यता आणणे हाच त्या रचनेचा हेतू. ज्या हॉलमध्ये परावर्तन उतू जाते तिथे ही कल्पना उलटी पडते, आणि आजचे चहूकडे आवाज फेकणारे गोल स्मार्ट स्पीकरही त्याच जातीचे. (छताकडे आवाज मारून तो वरून खाली आणणाऱ्या स्पीकरांना मात्र सपाट स्लॅब लागतोच, त्यांच्यासाठी आपला हॉल आदर्श, एवढे एक समाधान.) हॉर्न उलट टोकाला. पॉल क्लिप्शने अमेरिकेत १९४०च्या दशकात घरासाठी केलेला कोपऱ्यातला हॉर्न प्रसिद्ध आहे. आजचे हॉर्न त्यापेक्षा आटोपशीर असतात. हॉर्न फक्त एकाच खुर्चीला आवाज देतो ही भीती फार खरी नाही: आडवा ९० अंशांचा कोन दहा फुटांवर पूर्ण सोफा सहज झाकतो.

माझा स्वतःचा कल या हॉलसाठी उंच, सडपातळ, अनेक लहान ध्वनियंत्रे एकाखाली एक लावलेल्या स्तंभाकडे आहे. असा स्तंभ आडवा आवाज भरपूर पसरवतो, पण वर-खाली फार थोडा. हॉलचे जवळजवळ २०० चौरस मीटर मोजले तर त्यांत १०८ जमीन आणि छत यांचेच, आणि दोन्ही सर्वांत कठीण व उघडे. आवाज तिथे गेलाच नाही तर अर्धी लढाई टळते. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा प्रचंड घुमट १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला याच मार्गाने बोलण्याजोगा झाला. तिथे अधिक ताकदीचे नव्हे, तर उभे, नेमके रोखलेले स्तंभ लावले गेले. घरगुती स्पीकरांत ‘स्तंभ’ असे नाव मिरवणारे पण आत एकच वूफर-ट्विटर असलेले उंच डबेही पुष्कळ असतात, त्यामुळे जाळी काढून आत पाहावे.

वॉटबद्दल थोडेसे

कॅसेट प्लेअरच्या काळात डब्यावर हजारो ‘पीएमपीओ वॉट’ छापलेले असत. त्या आकड्याला कसलाही अर्थ नव्हता. आजचे आकडे प्रामाणिक असले तरी फसवे आहेत, कारण वॉट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल मिळतात आणि आवाज दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. त्याऐवजी स्पीकरची संवेदनशीलता विचारावी: एका वॉटला एका मीटरवर किती डेसिबल. ८६ऐवजी ९२ असेल तर चौथाई वॉटमध्ये तेच काम होते. शिवाय घुमणारी खोली स्वतःच आवाज वाढवते. या हॉलमध्ये ताकद कमी पडली असे क्वचितच घडते.

खर्जाचा वेगळा हिशोब

स्पीकरविषयीचा बहुतेक सल्ला अमेरिकेतल्या घरांतून येतो आणि तो आपल्याकडे जसाच्या तसा लावता येत नाही. तिथल्या घरांच्या भिंती बहुधा लाकडी सांगाड्यावर ठोकलेल्या जिप्सम बोर्डच्या असतात. खर्ज आला की तो बोर्ड थरथरतो आणि १२५ हर्ट्झच्या आसपास आवाजाचा पाव हिस्सा तरी गिळतो. विटा आणि काँक्रीट जवळजवळ काहीच गिळत नाहीत. म्हणून तिथे ‘दोन मोठे सबवूफर घ्या’ हा सल्ला पचतो आणि आपल्याकडे ढोलाचा प्रत्येक ठोका लांबत जातो. त्यात समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक सुरांना उभ्या लाटा तयार होतात. आपल्या हॉलच्या दहा फूट उंचीने ५७ हर्ट्झला, वीस फूट रुंदीने त्याच्या निम्म्याला. त्यामुळे एका खुर्चीवर बास छातीत भरतो आणि शेजारच्या खुर्चीवर गायब होतो.

यावर ‘खोलीनुसार दुरुस्ती’ करणारे अ‍ॅम्प्लिफायर हेच उत्तर आहे असे विक्रेते सांगतात. अर्धे खरे आहे. माइक ठेवून मोजायचे आणि फुगलेले सूर दाबायचे हे काम खर्जापुरते ते चांगले करतात. पण वरच्या पट्टीत ते जे काही कमी-जास्त करतात ते सरळ आणि फिरलेल्या आवाजाला सारखेच लागू होते; त्यांचे आपसातले प्रमाण, जे आपले खरे दुखणे, तसेच राहते. सबवूफर घ्यायचाच तर एक मोठा कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा दोन लहान समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले बरे. काही उभ्या लाटा त्यामुळे एकमेकींना मारतात आणि खुर्च्यांमधला फरक कमी होतो.

भोके कुठे पाडायची

निनादकाल १.३ वरून ०.६ सेकंदांवर आणायला आणखी सुमारे २२ चौरस मीटर शोषण लागते. काचेच्या दारावर जाड, भरपूर चुण्यांचा पडदा जमिनीपर्यंत सोडला तर १५ चौरस मीटरमधून आठ मिळतील. स्पीकर आणि सोफा यांच्यामधल्या टाइल्सवर आठ-दहा फुटांचा जाड गालिचा तीन देईल. उरलेले अकरा भिंतींवर तक्ते लावून मिळवण्याची घरात कोणाची तयारी नसते, आणि ते ठीकच आहे, कारण मोकळी जागा डोक्यावर आहे. फॉल्स सीलिंग होणारच असेल तर त्यातला पावणेदोनशे चौरस फुटांचा भाग साध्या गुळगुळीत जिप्समऐवजी छिद्रांच्या जिप्समचा आणि वर ग्लासवूल घातलेला करायला सांगावा. खर्च त्यातल्या त्यात कमी आणि डोळ्यांना फरक जवळजवळ कळत नाही. अंड्यांचे ट्रे आणि एक इंची फोम यांच्या नादी लागू नये. ते वरचे सूर तेवढे खातात आणि खालचे घुमत ठेवतात, आणि मग आवाज मंद होऊनही स्पष्ट होत नाही.

एवढे करायचे तर स्पीकर कोणताही चालेल, असे कोणी म्हणेल. चौकटीतले आकडे पाहता सहा फुटांवर बसणाऱ्याला खरोखर बराचसा चालेल. दहा फुटांवर बसणाऱ्याला नाही.

आणि काही घरांत ऐकणारा एका जागी बसतच नाही. सत्यनारायण, वाढदिवस, पाहुणे अशा वेळी संपूर्ण हॉलभर हलके संगीत हवे असते. तेव्हा समोरच्या दोन स्पीकरांचा आवाज वाढवणे हा सर्वांत वाईट मार्ग. टाकी काठोकाठ भरते आणि लोक एकमेकांशी ओरडून बोलू लागतात. त्याऐवजी छतात सहा-आठ लहान स्पीकर, प्रत्येक आपल्या खालच्या माणसांपुरता आणि हळू, हे बरे: प्रत्येकजण कुठल्या तरी स्पीकरपासून पाच-सहा फुटांवरच असतो. त्यांना डावा-उजवा असा वेगळा आवाज न देता दोन्ही मिसळून एकच द्यायला इलेक्ट्रिशियनला आठवणीने सांगावे, नाहीतर जेवणाच्या टेबलाशी बसलेल्यांना फक्त तबला आणि दाराशी उभ्या असलेल्यांना फक्त तंबोरा ऐकू येण्याची पाळी येते.